खांब काढायचे राहून गेले

चौथीनंतर शाळेने मला सोडलं की मी शाळेला, यावर आमच्या घरात दोन मतं आहेत. पण खडकीच्या कारखान्यात जड यंत्रं उचलून बसवायच्या टोळीचा मी मुकादम होतो, यावर एकच मत आहे. लेथ असो, प्रेस असो, माझ्या हाताखाली कशालाही खरचटलं नाही. हे मी सांगत नाही, सगळी खडकी सांगते. सांगत नसेल तर तिने सांगायला हवं.

निवृत्त झालो तेव्हा हिंजवडीकडे काचेच्या इमारती उठत होत्या. तिथली पोरं रविवारी आमच्या घरामागच्या नदीवर वल्ही मारायला यायची. त्यांचा छोटा क्लब होता आणि एक मोटरबोट, कोणी पाण्यात पडलंच तर काढायला. बोट फायबरची. ती दर वेळी घाटाच्या दगडांवरून ओढत वर घ्यायचे. मी कट्ट्यावर बसून तो आवाज ऐकायचो, माझेच दात कोणी कानशीने घासतंय असं वाटायचं.

एकदा राहवलं नाही. क्लबची सेक्रेटरी नागपूरकडची मुलगी होती, कॉम्प्युटरवाली. तिला म्हणालो, "बाई, बोटीचं बूड झिजवायचा क्लब आहे का हा?"

"काका, बोट उचलायची लिफ्ट मागवून राहिलो ना आम्ही. बाहेरून येणार आहे, कॅटलॉग पाहता का?"

"कॅटलॉग कशाला? चार खांब, दोन चेनपुल्या आणि मी. बस झालं."

क्लबात सैन्यातून निवृत्त झालेले एक साहेब होते, कमी बोलणारे. त्यांनी वर्तमानपत्रातून डोकं न काढता विचारलं, "आणि बोट फुटली तर?"

"एक ओरखडा आला तरी चारही खांब माझ्या हाताने उपटून नेईन," मी म्हणालो. घाटावर पंधरा माणसं होती. सगळ्यांनी ऐकलं.

घरी आल्यावर बायको म्हणाली, "बोलून आलात ना काहीतरी? चेहऱ्यावर दिसतंय."

कामाला लागलो. पायरीच्या दोन्ही बाजूंना पाण्यात काँक्रीट भरून खांब रोवले, वर आडव्या तुळया, त्यांना चेनपुल्या. लेथला तारेचा दोर लावतात, पण फायबरला तार कापते, एवढं मलाही कळतं. जुन्या कन्व्हेयरचे रुंद रबरी पट्टे आणले. पट्ट्यांवर दोन फळ्या, फळ्यांवर सतरंजी. बोटीने येऊन तिच्यावर बसायचं आणि आपण साखळी ओढायची.

खरी गोम फळ्या कुठे याव्यात ही. बोटीला आतून बरगड्या असतात; फळी बरगडीखाली आली तर बोट बसते, दोन बरगड्यांच्या मधे आली तर बूड आत दबतं. सेक्रेटरीने इंटरनेटवरून बोटीचा इंग्रजी नकाशा छापून आणला. मी तो घडी करून खिशात ठेवला आणि बोट उलटी करून बोटाच्या पेराने ठोकत गेलो, कलिंगड ठोकतात तसं. पोकळ वाजतं तिथे काही नाही, भरीव वाजतं तिथे बरगडी. खडूने खुणा केल्या. मग तिने नकाशा मागून घेतला, टेप लावली, दोनदा लावली.

"काका, सेम टू सेम!"

"म्हणजे तुझा कागद बरोबर आहे," मी तिला धीर दिला.

रविवारी उद्घाटन. निघताना बायको म्हणाली, "अहो, नारळ खाली दगडावर फोडा हं."

मी नारळ पिशवीत टाकला. आमच्या टोळीचा रिवाज होता: वजन उचलायच्या आधी नारळ फुटणार तो यंत्राच्याच अंगावर, बिडाच्या पायावर. जमिनीवर फोडला तर यंत्राला काय कळणार? आयुष्यभर असाच फोडला होता.

बोट फळ्यांवर येऊन थांबली. हळद-कुंकू लावलं, हात वर नेला आणि बोटीच्या नाकावर नारळ हाणला.

नारळ नाही फुटला. बोट फुटली.

टचकन आवाज आला. पाण्याच्या रेषेलगत वीतभर तडा गेला, कोळ्याच्या जाळ्यासारखा पसरला. नारळ शाबूत, माझ्या हातात.

साहेबांनी वर्तमानपत्राची घडी केली. "लिफ्ट कशासाठी होती म्हणालात?"

"बोटीला इजा होऊ नये म्हणून."

"हं. मग अगदी वेळेवर झाली म्हणायची."

कोणीतरी फिस्सकन हसलं. मी नारळ खाली ठेवला आणि साखळी धरली. तड्यातून पाणी झिरपायच्या आत बोट वर घेणं भाग होतं. कोणाचा तरी चहाचा पेला बोटीतल्या फळीवर राहिला होता. बोट हातभर वर आली, दोन हात वर आली. पेल्यातला थेंब सांडला नाही. पण ते बघायला कोणाला वेळ होता?

सोमवारी सकाळी पाना आणि पहार घेऊन घाटावर गेलो. शब्द म्हणजे शब्द. सेक्रेटरी ऑफिसला निघायच्या आधी तिथे हजर.

"काका, बोट वर आहे. फायबरवाला वारज्याहून येणार, मग ते वाळायला चार दिवस. खांब कसे काढता?"

खरं होतं. पाचव्या दिवशी गेलो. जोड वाळला होता, पण बोट अजून वर.

"रंग ओला आहे, काका."

पुढच्या रविवारी गेलो. बोट वर. "आत्ताच पाण्यातून काढली. तुम्हीच सांगा, वजन वर असताना खांबाला हात लावतात का?"

नाही लावत. ते तर मीच टोळीला शिकवलं होतं. तो कॅटलॉग नंतर मला कधी दिसला नाही. साहेब मात्र दर रविवारी विचारतात, "काय मुकादम, आज उपटणार?"

"बोट खाली आली की उपटतो," मी म्हणतो आणि साखळीला तेल घालायला बसतो. पाना पिशवीत असतोच.

तो नारळ बायकोने फोडला. दगडावर, एका फटक्यात.