बाळंतपण मानवलं

माझं पहिलं बाळंतपण माहेरी झालं. माहेर देवळाली प्रवऱ्याजवळच्या वस्तीवर, चहूबाजूंनी ऊस, सासर शेवगावला. पहिलटकरणीला आईनं घेऊन जायचं, हे आमच्याकडं कुणाला ठरवावं लागत नाही. मला दिवस गेल्याचं कळलं त्या आठवड्यापासून आईनं लोणी कढवून तूप साठवायला सुरुवात केली होती. खारीक, डिंक, अळीव, सगळं डब्यांत भरून तयार. बाजेला नवा सुंभ विणून घेतला. लेकीचं बाळंतपण म्हणजे आईची परीक्षा असते, आणि माझी आई परीक्षेला बसायला उतावीळ होती. ती स्वतः तिसरीत शाळा सोडलेली.

मी बी.एस्सी. आहे. आमच्या भावकीत पदवीपर्यंत गेलेलं पहिलं माणूस मी. बाईमाणूस तर सोडाच, पुरुषांतसुद्धा माझ्याआधी कुणी नाही. हे मी सांगते तेव्हा लोकांना वाटतं, मिरवते. मिरवतेच. शेवगावात मी खासगी क्लासमध्ये विज्ञान शिकवते. आठवीच्या पोरांना फळ्यावर हृदयाचे चार कप्पे काढून दाखवते. तरी माहेरच्या बाजेवर मी मुकाट्यानं शेक घेतला, पोटाला पट्टा बांधून घेतला, कानात कापूस घातला. फक्त पोरीजवळ धुरी द्यायची नाही, एवढ्यावर भांडले. आई म्हणाली, "बरं बाई, तुझं पुस्तक जितलं."

मुलगी दवाखान्यात झाली, काही गडबड न होता. घरी आलो. दुसऱ्या आठवड्यात बारसं झालं. तोवर माझा चेहरा चांगला भरला होता आणि पाय जाड झाले होते. जोडवी फिरेनात. पाळणा हलवायला आलेल्या बाया एकेक करून माझी हनुवटी धरून बघायच्या आणि आईला सांगायच्या, "बाळंतपण मानवलं हं हिला. कशी टरारलीय बघा." आई वर बघायचीच नाही. घुगऱ्या वाटत राहायची, पण कान सगळे तिकडंच.

मी नडगीवर अंगठा दाबून बघितला तर खड्डा पडला आणि लवकर भरेना. आईला दाखवलं. ती म्हणाली, "तूप अंगी लागलंय. पाय खाली सोडून बसू नको म्हनून सांगते तर ऐकत न्हाईस."

मग दम सुरू झाला. उठताना, बसताना नाही. आडवं पडलं की. पाठ टेकली की छातीत कुणी पाणी ओतत असल्यासारखं व्हायचं. उठून बसलं की ओसरायचं. कोरडा खोकला यायचा. मी गोधड्यांची चळत भिंतीला लावून तिला टेकून झोपायला लागले. हे आईला मुळीच पटलं नाही. बाळंतिणीनं सपाट झोपायचं असतं, नाहीतर कंबर जाते. तिच्या सासूनं तिला हेच सांगितलं होतं आणि तिची कंबर अजून ऊस खुरपते.

"सपाट झोप. आत्ता कंबर बसली न्हाई तर जन्मभर दुखंल."

"आई, सपाट झोपलं की जीव घुसमटतो."

"सगळ्यांना हुतं तसं."

शेजारच्या घरातून माझी चुलती रोज दुपारी पोरीला न्हाऊ घालायला मदतीला यायची. तोंडानं फटकळ, हातानं हलकी. ती म्हणाली, "आमाला सात-सात पोरं झाली, तवा कुठं दम लागायला सवड हुती? सायन्सवाल्यांचं फुप्फुस येगळं असतंय का गं?"

मी म्हणाले, "काकी, तुम्हाला तीनच पोरं आहेत."

"बोलायला सात. कळा सातांच्या काढल्यात."

हसताना मला खोकला आला आणि थांबेना.

बाळंतपण झालं त्या दवाखान्यात जाऊन आलो. डॉक्टरबाईंनी टाके बघितले, दाब बघितला, रक्त तपासलं. रक्त कमी आहे, जागरणं होतात, म्हणून अशक्तपणा आहे, असं सांगून लाल औषधाची बाटली दिली. दाब ठीक होता, टाके ठीक होते. आडवं झाल्यावर काय होतं ते मी सांगितलं, पण मी खुर्चीत बसून सांगत होते आणि खुर्चीत मला काही होत नव्हतं. आई खूश होऊन बाहेर आली. "बघ, मी म्हनत नव्हते?"

त्यानंतर एका सकाळी न्हाणीकडं जाताना मी अंगणात मध्येच खाली बसले. चक्कर नव्हती. पुढचं पाऊल टाकायला हवाच उरली नव्हती. आई तांब्या घेऊन मागून येत होती. माझ्या ओठांचा रंग तिनं बघितला, हे मला तिच्या तोंडावरून कळलं.

मी म्हणाले, "आई, हे बाळंतपणाचं नाही. मला नगरला ने."

"डॉक्टरबाई तर बरं हाय म्हनल्या."

"त्यांनी मला झोपवून बघितलंच नाही. तू नेत नसशील तर मी डांबरीवर जाऊन एसटीला हात करीन."

चुलती ओट्यावरून म्हणाली, "न्हानीपतूर जाता येईना आन एसटीला हात करती."

आई हसली नाही. तिनं तांब्या तिथंच ठेवला आणि बांधावर उभी राहून वडिलांना हाक मारली. गाडी सांगा म्हणाली. एवढंच, कशाला ते सांगितलं नाही.

नगरच्या दवाखान्यात एका तरुण डॉक्टरनं मला तपासायला आडवं केलं आणि मी त्याचा हात ढकलून उठून बसले. तो लगेच मोठ्या डॉक्टरांना घेऊन आला. सोनोग्राफीसारखं यंत्र छातीवर फिरवलं. पडद्यावर माझं हृदय हलताना मी बघितलं. फळ्यावर काढते तेच चार कप्पे. पण डावा खालचा कप्पा फुगून सैल झाला होता, नीट आवळतच नव्हता. डॉक्टरांनी सांगायच्या आधी मला ते दिसलं.

वडील काही समजेना म्हणून नुसते उभे होते. डॉक्टर त्यांना म्हणाले, "हृदय म्हणजे विहिरीवरची मोटार समजा. दाब कमी पडतोय, म्हणून पाणी मागं साचतंय, पायात आणि छातीत."

वडिलांना हे लगेच कळलं. "वायंडिंग जळलंय का?"

"जळलेलं नाही. लोड घेत नाही."

"मंग दुरुस्त हुईल."

"बऱ्याच जणींचं होतं. काहींचं अर्धवट राहतं. औषध सुरू करू."

मला आत ठेवून घेतलं. लघवी होण्याची इंजेक्शनं दिली आणि दोन दिवसांत 'टरारलेली' मी पार उतरले. गालाची हाडं दिसायला लागली. आई पोरीला घेऊन बाहेरच्या बाकावर. काचेतून बघायची आणि पोरीचा हात धरून माझ्याकडं हलवायची. औषधांमुळं अंगावरचं दूध बंद करावं लागलं. बरोबर आलेल्या चुलतीनं वाटी-चमच्यानं वरचं दूध पाजायला सुरुवात केली. मला रडू आलं ते त्या एका गोष्टीचं, दुसऱ्या कशाचं नाही.

का झालं, हे मी पहिल्याच दिवशी विचारलं. बाळंतपणाच्या आगेमागे काही जणींच्या हृदयाला असं होतं, म्हणाले. पण कशामुळं? "नक्की कारण अजून कुणालाच सांगता येत नाही."

कारण माहीत नाही, ही गोष्ट शेवगावपासून देवळालीपर्यंत कुणालाही चालली नाही. प्रत्येकानं आपापलं आणलं. ओल्या केसांनी बाहेर बसली. मोबाईल बघत बसायची. पोटुशी असताना उभं राहून क्लास घेतला. बारशाला नजर लागली. सासूबाई दवाखान्यात भेटायला आल्या, पोरीच्या अंगावरून हात फिरवला आणि आईकडं न बघता म्हणाल्या, "आमी धाडली तवा धडधाकट हुती."

नवरा म्हणाला, "आई, आत्ता नको." पण वाक्य बोलून झालं होतं.

मी पुन्हा माहेरीच आले. आता बिनमिठाचं जेवण, आणि दिवसाचं पाणी मोजून. ज्या आईनं तुपाशिवाय भाकरी वाढली नव्हती, ती आता ताट माझ्यापुढं ठेवताना विचारायची, "हे चालंल का?" साध्या भाताला विचारायची. डिंकाच्या लाडवांचा डबा तिनं चुलतीला देऊन टाकला. लाडवांनी काही झालेलं नाही, असं मी सांगायचे. ती मान हलवायची आणि पुढच्या वेळी पुन्हा विचारायची.

बरं होणं फार कंटाळवाणं होतं. आधी अंगणापर्यंत चालायचं, मग गोठ्यापर्यंत, मग कडेच्या लिंबापर्यंत. पोर उचलायची नाही, न्हाऊ घालायचं नाही. मांडीवर कुणी दिली तर घ्यायची. ती रडली की आईच्या आवाजाकडं मान वळवायची, माझ्याकडं नाही. केस मुठीनं गळले. गोळ्यांनी सकाळी चक्कर यायची. पण दर तपासणीला तो कप्पा थोडा जास्त आवळायला लागला आणि एक दिवस मी उशी न घेता झोपले. त्या दिवसाचा कुणी उत्सव केला नाही. मलाच जाग आल्यावर कळलं.

मी शेवगावला परत जाण्याआधीच्या तपासणीला आईला मुद्दाम आत घेऊन गेले. म्हणाले, "डॉक्टर, आईला सांगा. तिला वाटतं तिच्या हातून झालं."

डॉक्टर भला माणूस. त्यांनी पेन खाली ठेवलं. "मावशी, तुमच्या हातून काही चुकलेलं नाही. शेक नाही, लाडू नाही, काही नाही."

आई म्हणाली, "मंग कशानं झालं?"

"ते सांगता येत नाही."

आई त्यांना हात जोडून बाहेर आली. जिना उतरताना मला म्हणाली, "ज्याला कशानं झालं ते ठाव न्हाई, त्यानं माझ्यानं झालं न्हाई हे कशावरनं सांगावं?"

मी बी.एस्सी. तरी उत्तर मला नंतर क्लासमध्ये शिकवताना सुचलं, की शेक-लाडू न घेणाऱ्या बायकांतही हजारांत एखादीला हे होतंच, पण ते आईला पटण्यासारखं नव्हतं. तिला आकडा नको होता.

पुढच्या वर्षी माझ्या धाकट्या बहिणीला दिवस गेले. ती भंडारदऱ्याच्या बाजूला दिलेली, डोंगरातलं गाव. सातवा लागला तरी आई तिला आणायचं नाव काढेना. वडिलांनी विचारलं तर म्हणाली, "तिथंच हू द्या. तिची सासू करंल. माझ्या हातचं नको."

मी पोरीला घेऊन माहेरी गेले. आता पोर मी स्वतः कडेवर घेऊन एसटीतून उतरते. गोळ्या चालू आहेत. दुसऱ्या मुलाचा विचार विचारल्याशिवाय करायचा नाही, असं डॉक्टरांनी सांगितलंय, आणि ते सासरी सगळ्यांसमोर मीच सांगून टाकलं.

आई ओट्यावर शेंगा फोडत होती. मी सरळ विचारलं.

"तिला का आणत नाहीस?"

"माझं एकदा वाटोळं झालं, तेवढं बास."

"वाटोळं कुणाचं झालं? ही काय मी समोर बसलेय."

"तू बोलनारच. तू पयल्यापासनं भांडखोर."

चुलती शेजारी होतीच. "खरंय. तिनं भांडून जीव वाचिवला. दुसरी कुनी असती तर मुकाट गेली असती."

चुलती हे सहज बोलली. आईचा हात शेंगांवरच थांबला. मलाही बोलायचं ते तिथून मिळालं.

मी म्हणाले, "आई, तुझ्या हातून काय चुकलं, काय नाही, मला माहीत नाही. डॉक्टरलाही माहीत नाही. पण मी तुझ्याशी भांडू शकले, कारण तू माझी आई. मी धमकी दिली आणि तू गाडी बोलावलीस. धाकटी कशी आहे तुला ठाऊक आहे. तिथं तिला दम लागला तर ती कुणाला सांगेल? सासूला?"

धाकटी लहानपणी बोटात काटा मोडला तरी दोन दिवस लपवायची. आईला हे सांगायची गरज नव्हती.

"आन हितं सांगंल?" आई म्हणाली.

"इथं तू विचारशील."

आई टरफलं एकीकडं करत बसली. चुलती काहीतरी बोलणार होती, मी डोळ्यांनी नको म्हणाले. मग आईनं हात झटकले आणि मला म्हणाली, "लाव तिला फोन."

मी स्पीकरवर लावून दिला. आईनं तो कानाला न लावता तोंडासमोर धरला, नेहमी धरते तसा.

"मी बोलते. मंगळवारी गाडी घेऊन येतो तुला न्यायला. सासूला सांगून ठेव. आन ऐक, कशी हायस?"

"बरी हाय," तिकडून आलं.

"तसं न्हाई चालायचं. बरी हाय एवढं मला सांगायचं न्हाई. काय दुखतं, कुठं दुखतं, नीट सांग. मी हितं बसलेय."

फोनमधून आधी कोंबड्यांची कलकल ऐकू आली. मग धाकटी म्हणाली, "पाय दुखत्यात."

"सुजल्यात का? दोन्ही का एकच?" आई म्हणाली, आणि फोन दोन्ही हातांनी धरून ओट्यावर पाय वर घेऊन बसली.