ओवाळणीची गाडी

भाऊबिजेला भाऊंनी ताटात पाकीट टाकलं नाही, गाडीची किल्ली टाकली.

धारच्या घरात त्या दिवशी जेवायला बरीच मंडळी होती. "बहिणीला मोटार ओवाळणारा भाऊ बघितलाय का कुणी?" असं कुणीतरी म्हणालं आणि टाळ्या वाजल्या. जयवंतीबाईंनी निरांजन खाली ठेवलं आणि वाकून भाऊंच्या पाया पडल्या. ते पाया पडणं आठवलं की अजून त्यांच्या कपाळाची शीर उडते.

जयवंती खराडे देवासला आमच्या समोरच्या घरात राहतात. माहेर धारचं, तिथल्या पवार संस्थानिकांच्या चाकरीत आलेल्या घराण्यातलं. सासरे साताऱ्याहून कारखान्याच्या नोकरीला देवासला आले आणि इथलेच झाले. नवरा योगेंद्र त्याच कारखान्याच्या स्टोअरमधून रिटायर झाला. जयवंतीबाईंचं स्वतःचं भरतकामाचं काम आहे. मागच्या खोलीत कॉम्प्युटरवर चालणारी मोठी मशिनं आहेत. ती बिघडली की इंदूरचा मेकॅनिक "आज आता हूँ, कल आता हूँ" करत बसतो, म्हणून दुरुस्ती त्या स्वतःच शिकल्या. बाईंचा स्वभाव तापट. पण राग आला की त्या आधी गप्प होतात, आणि गप्प झाल्या की योगेंद्रभाऊजी चपला घालून बाहेर पडतात.

गाडी जर्मन होती, काळीभोर आणि लांबलचक. भाऊ सरकारी रस्त्यांचे ठेकेदार, त्यांनी ती भरभराटीच्या काळात घेतली होती. आता तिचं वय झालं होतं, तरी आतली चामड्याची आसनं अजून थाटाची होती. आत तीन-चार अत्तराच्या बाटल्या टांगलेल्या. "भाऊ शौकीनच," जयवंतीबाई म्हणाल्या होत्या.

त्याच वर्षी वैशाखात त्यांनी वडिलांच्या घरावरचा आपला हक्क सोडला होता. घर बाजारपेठेला लागून, खाली दुकानं, वर राहणं. बहिणीनं सही करायची असते हे घरात कुणी बोलून दाखवलं नव्हतं, पण सगळ्यांना ते पाठ होतं. त्यांनीही खळखळ केली नाही. मग दिवाळीला ही गाडी आली, तेव्हा त्यांना वाटलं, भाऊंनी जाण ठेवली.

थंडी सुरू झाली आणि गाडीनं रंग दाखवायला सुरुवात केली. सकाळी बॅटरी मेलेली. उन्हात उभी असली की काचा आपोआप खाली. भल्या पहाटे हॉर्न सुरू व्हायचा आणि गल्लीतली कुत्री त्याला साथ द्यायची. एकदा भोपाळ रोडवर गिअर अडकला. मागे ट्रकांची रांग लागली आणि एक ड्रायव्हर उतरून म्हणाला, "माताजी, शौक पाला है तो निभाना भी सीखो." त्या दिवशी बाई घरी आल्या आणि योगेंद्रभाऊजींनी चपला घातल्या.

इंदूरच्या एका गॅरेजनं नवी बॅटरी बसवली. पुन्हा तेच झालं. मग त्यांनी गाडी ठेवून घेतली, होळी उलटून गेली तरी ठेवली, आणि शेवटी तिथला माणूस योगेंद्रभाऊजींच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "भिया, इसका दिमाग खराब है. कबाड़ में दे दो, टेंशन मत पालो." गाडीची मालकीण शेजारी उभी होती. तिच्याकडे त्यानं पाहिलंही नाही.

बाईंनी भाऊंना फोन लावला. स्पीकरवर होता, त्यामुळे योगेंद्रभाऊजींनीही ऐकलं.

"जया, माझ्याकडे होती तोवर कधी कुरकुरली नाही," भाऊ म्हणाले. "चालवण्यात फरक पडतो गं. ती गाडी बायकांच्या हातची नाही."

जयवंतीबाईंनी फोन ठेवला.

"देऊन टाक परत," योगेंद्रभाऊजी हळूच म्हणाले.

"ओवाळणी परत देतात का कुठे? आणि दिली तर काय म्हणतील? बाईला जमलं नाही." त्या उठल्या आणि मशिनच्या खोलीतून हत्यारांची पेटी उचलून पोर्चमध्ये घेऊन आल्या.

पहिला अंदाज साफ चुकला. त्यांना वाटलं चार्जिंग होत नसेल. अल्टरनेटर उतरवला, देवासमध्येच तपासून घेतला, तर तो ठणठणीत निघाला. चढवताना बोटं सोलली ती वेगळीच. त्या दिवशी त्यांनी पाना अंगणातून असा भिरकावला की आमच्या फाटकाला पोचा पडला. तो अजून आहे.

मग डोकं शांत करून त्यांनी मशिनसाठी वापरतात तीच रीत धरली. कुठलं सर्किट वीज खातंय ते शोधायचं. बॅटरीची तार काढून मधे मीटर लावला. गाडी बंद करून भागत नाही, तिच्या आतली सगळी यंत्रणा झोपावी लागते, आणि दार उघडं दिसलं तर ती झोपत नाही. म्हणून दाराच्या कुलपात स्क्रूड्रायव्हर फिरवून तिला दार लागल्याचं भासवलं. खुर्ची टाकून बसल्या. गाडी झोपायला हवी तेव्हाही मीटरवरचा आकडा खाली येईना. एकेक फ्यूज काढत गेल्या. काचा, दारं, कुलपं सांभाळणाऱ्या डब्याचा फ्यूज काढला आणि आकडा धपकन पडला.

"सापडला मेला," त्या एवढ्या मोठ्यानं म्हणाल्या की मी आमच्या ओट्यावरून ऐकलं.

तो डबा पुढच्या डाव्या सीटखाली, गालिच्याच्या आत होता. सीट काढायची तर बोल्ट गंजून बसलेले. एवढ्या महागड्या गाडीच्या आतल्या बोल्टांना गंज कसा, हा प्रश्न त्यांना तेव्हाच पडला. सीटखाली एअरबॅगची पिवळी जोडणी असते. बॅटरी सोडवल्याशिवाय तिला हात लावायचा नाही, हे त्यांनी फोनवर व्हिडिओ बघून पक्कं केलं होतं. सीट उचलायला त्यांनी चिरागला बोलावलं. चिरागचं कोपऱ्यावर इन्व्हर्टर आणि वॉशिंग मशिनच्या दुरुस्तीचं दुकान आहे. बाईंच्या मशिनांचे सर्किट बोर्डही तोच बघतो.

दोघांनी सीट बाहेर काढली आणि गालिचा उचलला. तसा वास आला. अत्तराच्या बाटल्यांच्या खालचा खरा वास, कुजकट, तळ्याच्या गाळासारखा. गालिच्याखालचा फोम इतक्या महिन्यांनीही ओला होता. त्याच्याखाली पत्र्यावर गाळाचा गुळगुळीत थर बसला होता, त्यात अभ्रकासारखी चमकणारी बारीक रेती. कडेला झेंडूच्या काळ्या पडलेल्या पाकळ्या आणि चिखलात चिकटलेला पानाचा द्रोण. घाटावर दिवा सोडतात तो.

चिराग उकिडवा बसून बघत राहिला. मग म्हणाला, "काकू, ये तो डूबी हुई है."

बाईंनी चिमूटभर रेती तळहातावर घेतली. लहानपणी वडिलांबरोबर नर्मदेकाठी नेमावरला जायच्या, तेव्हा परकराच्या काठाला लागून घरी यायची तीच रेती. आणि त्यांना आठवलं. गेल्या पितृपक्षात भाऊ वडिलांच्या श्राद्धाला नेमावरला गेले होते. जाताना गाडीनं गेले, येताना बसनं आले. गाडीचं विचारल्यावर म्हणाले, सर्व्हिसिंगला टाकलीय. त्या वर्षी त्या दिवसांत नर्मदा चढली होती हे सगळ्यांना ठाऊक होतं. घाटाजवळ उभ्या केलेल्या गाड्या पहाटे पाण्यात होत्या, पेपरात फोटोही आला होता.

म्हणजे बापाच्या श्राद्धाला बुडालेली गाडी दिवाळीला धुऊन, पुसून, अत्तर लावून बहिणीच्या ताटात टाकली.

"आत्ताच्या आत्ता फोन कर," योगेंद्रभाऊजी म्हणाले. त्यांचाही आवाज चढला होता, आणि तो फारसा कधी चढत नाही.

"नाही. फोनवर ते हसतील. मी ही चालवत घेऊन जाणार. टोचन करून नेली तर म्हणतील, बघा, शेवटी ओढतच आणली."

नंतरचे दिवस बाई त्या गाडीशी भांडत होत्या असंच म्हणावं लागेल. सगळा गालिचा उपसला, फोम कापून फेकला, गाळ खरवडून काढला. त्यातला थोडा श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात भरून ठेवला. चिरागनं सीटखालचा तो फ्यूजवाला डबा उघडून आतला बोर्ड स्पिरिटनं घासला, सोल्डरचे सडलेले टाके नव्यानं दिले. बॅटरी आता टिकायला लागली, पण गिअर अडकायचाच. मग सीटखालून जाणाऱ्या तारांच्या जुडग्याची पट्टी बाईंनी उसवली, जशी चुकलेली शिवण उसवतात तशी. आत तारा हिरव्या पडून भुगा झालेल्या. एकेक तार कापली, नवी जोडली, सोल्डरिंगचा चटका बसला की भाऊंच्या नावानं एक शिवी हासडली. माळव्याची शिवी, मराठीत तिला जोड नाही. नवा गालिचा त्यांनी आपल्याच जाड सुईच्या मशिनवर शिवला.

गाडी सुरू झाली तेव्हा इंजिन इतकं मऊ बोललं की बाई क्षणभर राग विसरल्या. बोनेटवर हात ठेवून उभ्या राहिल्या. "तुझा काय गुन्हा," असं काहीतरी पुटपुटल्या. मग अंघोळ करून, चांगली साडी नेसून त्यांनी योगेंद्रभाऊजींना हाक मारली.

धारला पोचल्या तेव्हा भाऊ जेवून झोपाळ्यावर बसले होते. अंजूवहिनी, म्हणजे भाऊंची बायको, पाणी घेऊन आली. जयवंतीबाईंनी पाणी घेतलं नाही. श्रीखंडाचा डबा झोपाळ्यासमोरच्या स्टुलावर ठेवला आणि झाकण काढलं.

"हे काय?" भाऊ म्हणाले.

"नेमावरचा प्रसाद. तुमच्या गाडीतून निघाला."

भाऊंनी डब्यात पाहिलं, मग योगेंद्रभाऊजींकडे पाहिलं. जणू बहीण खोलीत नव्हतीच. "अहो, थोडं पाणी शिरलं होतं. इंदूरला सगळं करून घेतलं होतं मी."

"माझ्याशी बोला," जयवंतीबाई म्हणाल्या. "गाडी बुडाली होती हे मला का सांगितलं नाही?"

"सांगितलं असतं तर घेतली असतीस का?"

"नसती घेतली. म्हणूनच सांगायला हवं होतं!"

"मी म्हटलं होतं यांना," अंजूवहिनी दारातून म्हणाली. "म्हटलं, विमा संपलाय, विकली जात नाही, पण म्हणून तिच्या गळ्यात नका बांधू."

"तू आत जा," भाऊ म्हणाले. ती गेली नाही.

भाऊ उठले, खिडकीतून खाली पाहिलं. गाडी चकचकीत उभी होती. "चालवत आणलीस?"

"देवासपासून."

"आणि गिअर?"

"चालतोय."

भाऊंचा चेहरा उजळला. खरंच उजळला. "मग असं कर जया, ठेव इथेच. आता चालतेय म्हटल्यावर गिऱ्हाईक मिळेल. तुला एखादी लहान गाडी बघू आपण, बायकांना सोयीची."

योगेंद्रभाऊजी सांगतात, त्या वेळी त्यांना बायकोची नाही, मेहुण्याची काळजी वाटली. जयवंतीबाईंनी स्टुलावरचा डबा उचलला आणि सगळा गाळ झोपाळ्यावरच्या पांढऱ्या गादीवर ओतला.

"घर घेतलंत, मी बोलले नाही. वडिलांचं होतं, तुम्ही सांभाळलं, म्हटलं असू दे. पण तुम्ही मला चार माणसांत वाकायला लावलंत. या कचऱ्यासाठी! आणि वर मलाच म्हणालात, बायकांच्या हातची नाही. या हातांनी उभी केलीय ती!" त्यांनी दोन्ही हात पुढे केले. बोटांवर चटक्यांचे डाग होते.

भाऊही तापले. "आवाज खाली कर. खाली दुकानदार आहेत. अजून अल्पनाची सही व्हायचीय, तू उगाच तमाशा करून तिच्या मनात काही भरवू नकोस."

जयवंतीबाई एकदम गप्प झाल्या.

अल्पना ही त्यांची धाकटी बहीण, कुक्षीला शाळेत शिकवते. वैशाखात तिचं ऑपरेशन झालं होतं, म्हणून तिची सही राहून गेली असेल हे बाईंच्या ध्यानातही आलं नव्हतं.

"चला," त्या नवऱ्याला म्हणाल्या.

"जेवून तरी जा," अंजूवहिनी म्हणाली. तिचे डोळे भरले होते. जयवंतीबाईंनी तिच्या दंडावर हात ठेवला आणि जिना उतरल्या.

गावाबाहेर गाडी इंदूरकडे वळली नाही. सरदारपूरचा रस्ता लागला तेव्हा योगेंद्रभाऊजी म्हणाले, "जयवंती, ऊन बघ. कालपर्यंत ही गाडी पोर्चमध्ये उघडी पडली होती."

"मग टोपी घाला."

कुक्षीला पोचेपर्यंत गिअर एकदाही अडकला नाही. उजवीकडची मागची काच मात्र वाटेत आपोआप खाली गेली आणि वर येईना. सगळी धूळ आत आली. अल्पनानं दार उघडलं तेव्हा दोघंही पिठाच्या गिरणीतून आल्यासारखी दिसत होती.

जयवंतीबाईंनी सगळं सांगितलं. अल्पना मऊ स्वभावाची. ऐकता ऐकता ती रडायला लागली. "ताई, पण नाही म्हटलं तर भाऊंना किती वाईट वाटेल."

"वाटू दे."

"आणि माहेर तुटेल."

"माझं तुटलंच आहे. तुझा वाटा राहिला तर निदान एक खोली तरी राहील, जिथे दोघींना न विचारता जाता येईल. तू विचार कर. मी सांगते म्हणून नको करूस."

अल्पनानं अजून सही केलेली नाही. भाऊंनी आधी गोडीनं, मग नातेवाइकांकरवी, मग वकिलाची नोटीस पाठवून पाहिलं. माहेरच्या लग्नांत आता जयवंतीबाईंना आमंत्रण नसतं. चुलत्यांनी त्यांना कजाग ठरवलंय. त्यांचा राग निवळलेला नाही, आणि निवळावा असं त्यांना वाटतही नाही. परवा मी विचारलं, "जयवंतीबाई, एवढं मनाला लावून घेऊन काय मिळालं?" तेव्हा त्या गाडीच्या मागच्या दाराचं अस्तर काढून, काचेची मोटर हातात घेऊन बसल्या होत्या.

"जरा तो टॉर्च धरा इकडे," त्या म्हणाल्या, "आणि असले प्रश्न भाऊंना जाऊन विचारा."