तिच्या रेघेवर फिरवलेला हात

आमच्या गटात कोणी कोणाचा अपमान केला नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना कोणी खलनायक शोधत बसायला नको. मीच किती दिवस शोधत होते. सापडला असता तर चार शिव्या घालून मोकळी तरी झाले असते.

गट रोह्याचा म्हणायचा, पण बसायचो आम्ही नदीपलीकडच्या अष्टमी गावात, एका टायपिंग क्लासच्या खोलीत. रविवारी ती रिकामी असते. मी घरून एका कंपनीचं सॉफ्टवेअर लिहिते, म्हणजे दिवसभर दुसऱ्याच्या चुका निस्तरते. माझा एक जुना मित्र पेणहून तेच काम करतो. दोघांनाही त्या कामाचा कंटाळा आला होता, म्हणून हे सुरू केलं. कोड लिहून चित्रं काढायची. चार ओळी लिहिल्या की पडद्यावर पाऊस पडतो, मासे फिरतात, वेली चढतात. आणि सगळं ओपन सोर्स, म्हणजे उघडं. कोणीही वाचावं, कोणीही घ्यावं, कोणीही सुधारावं.

मी आधी ऑनलाइन मोठ्या शहरांतल्या गटांत होते. तिथे काही विचारलं की पहिलं उत्तर यायचं, एवढंही येत नाही का? माझं डोकंच फिरायचं. आपल्याकडे हे चालू द्यायचं नाही, असं मी ठरवलं होतं. म्हणून गटाचे नियम लिहिले. कोणाला हसायचं नाही. मराठीत विचारलं तर मराठीत सांगायचं. बाई बोलत असेल तर तिचं वाक्य पुरं होऊ द्यायचं. मित्र म्हणाला, भाषा जरा मऊ कर. मी म्हटलं, मऊ भाषेने कोण ऐकतंय? त्यावरून आम्ही वडापाव थंड होईपर्यंत भांडलो. पण नियम झाले, आणि लोकांनी ते पाळले. रोह्याच्या केमिकल कंपन्यांतून शिफ्ट संपवून येणारी माणसंसुद्धा पाळायची.

ती आली ती निडी स्टेशनच्या पुढच्या एका गावातून, पॅसेंजरने. घरची भातशेती, भातानंतर वाल. लग्नाआधी कॉलेजात कॉम्प्युटर शिकली होती, मग सगळं सुटलं. पहिले काही रविवार ती दाराजवळच्या खुर्चीत बसायची आणि कोणी काही विचारलं की म्हणायची, "नाय, मी बघते नुसती." आम्ही गटाचा एक जुना लॅपटॉप तिला घरी नेऊ दिला. तिची सासू एवढंच म्हणाली होती, जातेस तर जा, पण काय करतेस ते एकदा आम्हाला दाखव. आवडलं तर पुढे, नाहीतर रविवारची कामं कोण करणार? हे तिनेच मला पुलावरून स्टेशनकडे चालताना सांगितलं होतं. त्या दाखवण्यावर तिचं सगळं अडकलेलं होतं.

आणि तिने काय केलं! ठिपक्यांची रांगोळी. तुम्ही म्हणाल, त्यात काय, रांगोळीचे प्रोग्रॅम पोत्याने पडलेत. तसे ते पडलेतच, आणि सगळे मेले छापील. हिची रेघ चिमटीतून सुटत होती. सुरुवातीला दाट, मग चिमटीतली भुकटी संपत येईल तशी फिकट, अगदी संपता संपता तुटक, आणि मग नवी चिमूट घेतल्यासारखी पुन्हा दाट. ज्या बाईने अंगणात बसून रांगोळी घातली आहे तिलाच हे सुचणार. मी खुर्चीतून उठलेच. "अगं बाई, ही रेघ दमते की गं!" ती पहिल्यांदा मोकळी हसली. म्हणाली, "व्हय, दमते ना. मग परत उठते."

तिने तो कोड गटाच्या सामायिक जागेत ठेवला आणि पुढच्या रविवारी सगळ्यांना दाखवायचं ठरलं. त्याच संध्याकाळी घरी सासूला दाखवणार होती.

आता माझ्या मित्राचं सांगते. तो पेणच्या गणपतीच्या कारखान्यात वाढलेला. तिथली एक रीत आहे. शिकाऊ हाताने मूर्ती घासून पुसून ठेवली की घरातला जाणता माणूस येतो आणि काही न बोलता तिच्यावरून शेवटचा हात फिरवतो. कुठे खड्डा असेल तो भरतो, कुठे रंग फिकट राहिला असेल तो सारखा करतो. विचारत नाही, सांगत नाही. सांगणं म्हणजे मोठेपणा मिरवणं. ज्याच्या कामावर असा हात फिरला त्याने नशीब काढलं, असं तिथे मानतात. मूर्तीवर नाव कोणाचंच नसतं.

शनिवारी त्याने तिचा कोड उघडला. रेघ मध्ये मध्ये फिकट पडतेय असं त्याला दिसलं. त्याने ती सारखी केली. सामायिक जागेतला दुसऱ्याचा कोड बदलायचे अधिकार आम्हा दोघांकडेच, त्यामुळे कोणाची परवानगी लागली नाही.

रविवारी प्रोजेक्टर लावला आणि भिंतीवर चित्र उमटलं. दाट, गुळगुळीत, एकसारखं. टाळ्यांचा कडकडाट झाला. मला क्षणभर वाटलं, तिनेच बदललं असेल. मग तिचा चेहरा पाहिला. मित्र कोपऱ्यात लाजून उभा होता, आपलं नाव कोणी काढू नये म्हणून. ती भिंतीकडे बघत म्हणाली, "छान झालंय." मग माझ्याकडे वळून, हळूच, "माझं नाय ते." आणि गाडीची वेळ झाली म्हणून निघून गेली. गाडीला अजून खूप अवकाश होता.

मित्रावर मी अशी तुटून पडले की खालच्या दुकानातली माणसं वर आली. त्याला कळेचना. "अगं, माझ्या कामावर काकांनी पहिल्यांदा हात फिरवला त्या दिवशी आईने पेढे वाटले होते." हे म्हणताना त्याचे डोळे भरून आले. आता अशा माणसाशी भांडायचं कसं?

पुढचे दोन रविवार ती आली नाही. फोन उचलेना. मग मीच निडीला उतरून पुढे तिच्या गावी गेले.

ओटीवर सासू वाल सोलत बसली होती. "बस गो बाय," म्हणाली आणि सुनेला हाक मारली. ती बाहेर आली ती लॅपटॉप घेऊनच. फडक्याने स्वच्छ पुसलेला, पिशवीत घातलेला. मी सगळं पाठ करून गेले होते. म्हटलं, तुझी जुनी रेघ कुठे गेलेली नाही, कोडचं जुनं रूप जपलेलं असतं, आज घरी जाऊन परत लावते. माझ्या मित्रानेही माफी मागितली आहे, यायलाच निघाला होता, मीच नको म्हटलं.

"परत लावाल, व्हय," ती म्हणाली. "पण मग सगळ्यांना वाटंल, रडून घेतलं."

"कोणाला काही वाटणार नाही गं. आणि वाटलं तर माझ्याशी गाठ आहे."

"सासूबाईंना दाखवलं मी, त्याच दिवशी. तेच, भिंतीवरचं, टाळ्या पडलेलं. त्या म्हणाल्या, मशीननं काढलंय, त्यात तुझं काय?" तिने पिशवी माझ्या हातात दिली. "बरोबरच बोलल्या."

मी चिडून म्हटलं, "मग तिथेच बोलायचं होतंस ना! आमच्यावर ओरडायचं होतंस!"

"कोणावर ओरडू, ताई? माझ्या सासरी कोणी वाकडं बोललं तर मी दोन शब्द सुनावते. तुमच्यात सगळे चांगले हायत. तिथं तोंड कसं उघडायचं?"

लॅपटॉप घेऊन मी परत आले.

गट चालू आहे. नवीन माणसं येतात, हसतखेळत बसतात, एकमेकांचं कौतुक करतात. तिचं पाहून तिच्या बाजूच्या गावांतून येऊ लागलेल्या दोघीही ती गेल्यावर यायच्या थांबल्या. ती काय बोलली ते मी गटात सांगितलेलं नाही. सांगितलं तर सगळे मिळून तिच्या घरी जातील, मनापासून माफी मागतील, आणि दारात उभ्या राहिलेल्या इतक्या चांगल्या माणसांना तिला पुन्हा एकदा म्हणावं लागेल, छान झालंय.