अक्काचा हार आणि माझं हँडल

आज मी जो काही आहे, तो माझ्या मोठ्या बहिणीमुळे, सुमनअक्कामुळे आहे. गेल्या उन्हाळ्यात ओहायोतल्या एका तळ्यात, सगळ्या महाराष्ट्र मंडळासमोर मी जो उताणा पडलो, तोही तिच्यामुळेच. पहिल्या गोष्टीबद्दल मी तिचा जन्मभर ऋणी आहे. दुसरीबद्दल माझी बायको आहे.

सातवीत शाळा सोडून अक्का करमाळ्याच्या एसटी स्टँडसमोर हार विकायला बसली, म्हणून मी कॉलेजात जाऊ शकलो. आमच्या घराण्यातला मी पहिला ग्रॅज्युएट. (दुसरी होणार ती माझी मुलगी ईरा, पण ती सध्या आठवीत आहे आणि माझ्याकडे बघून तिचा उत्साह कमी होत चाललाय.) नोकरीनिमित्त आम्ही ओहायोतल्या डब्लिनला राहतो. अक्का पहिल्यांदाच आमच्याकडे आली आणि दुसऱ्याच दिवशी माझ्या खुर्चीमागे येऊन उभी राहिली.

"दिवसभर ह्येच करतोस व्हय?"

"हो. सिस्टीम डिझाइन करतो."

"मग दाखव की. कुठाय ती?"

दाखवण्यासारखं काहीच नव्हतं!

"स्टँडवर सगळी इचारत्यात, भाऊ अमेरिकेत काय करतो? मी सांगते, इंजिनिअर हाय. मग म्हणत्यात, काय काय बनीवलं? आता काय सांगू रं बाळ्या?"

मला ते फार लागलं. मेकॅनिकलची डिग्री घेतलेल्या मी आयुष्यात स्वतःच्या हाताने एकही वस्तू बनवली नव्हती. अक्का परत जायच्या आत तिला एक तरी दाखवायचीच, असं मी ठरवलं.

गॅरेजमध्ये आमची सेकंडहँड जेटस्की होती. जेटस्की म्हणजे पाण्यावरची मोटारसायकल. मागच्या तोटीतून पाण्याचा जोरदार फवारा सुटतो आणि गाडी पुढे पळते. ती तोटी जरा वर-खाली कलवता आली, तर गाडीचं तोंडही वर-खाली करता येतं. नव्या मॉडेलमध्ये त्यासाठी बटण असतं. आमच्या मॉडेलमध्ये काहीच नव्हतं. म्हणून मी हाताने ओढायचं हँडल बनवायला घेतलं. ईराच्या जुन्या सायकलचा ब्रेक घेतला, त्याचीच केबल घेतली, एक स्प्रिंग आणली. बिजागरीही लागणार होती.

"अरे, मसाल्याच्या कपाटाचं दार का लोंबतंय?" स्वयंपाकघरातून अनुजा ओरडली. अनुजा म्हणजे माझी बायको. पुण्याची. तिला मी काहीही बनवू शकतो यावर विश्वास नाही, चहासुद्धा.

"बिजागरी घेतलीय! तात्पुरती!"

"आणि ड्रायरचा पाइप?"

"तोही तात्पुरता!"

"तुझी डिग्रीही तात्पुरती होती का रे?"

मी लक्ष दिलं नाही. दोन आठवडे रोज संध्याकाळी खपलो आणि शेवटी ते जमलं! हँडल ओढलं की तोटी वर, सोडलं की स्प्रिंगने खाली. मी अक्काला गॅरेजमध्ये बोलावून दाखवलं. तिने स्वतः चार-पाच वेळा ओढून पाहिलं. "तू केलंस? सोताच्या हातानं?" एवढंच म्हणाली आणि पदराने ते हँडल पुसलं. मला पदवीदान समारंभातसुद्धा इतकं भरून आलं नव्हतं.

रविवारी मंडळाची पिकनिक तळ्यावरच होती. अक्काला सगळ्यांसमोर दाखवायला याहून चांगला मुहूर्त कुठला? जेटस्की पाण्यात उतरवली, तेवढ्यात अक्का म्हणाली, "थांब. पूजा न करता वाहन हलवायचं न्हाई."

पूजा झाली. कुंकू लागलं, नारळ फुटला. (शेजारच्या टेबलावरचं अमेरिकन कुटुंब खुर्च्या उचलून जरा लांब गेलं.) मग अक्काने पिशवीतून हार काढला. आमच्याच परसातल्या झेंडूचा, पहाटे उठून ओवलेला.

"दोरा कच्चा नगं म्हनून तुझी ती मासं धरायची तार घेतली. पान्यात भिजली तरी तुटायची न्हाई."

आणि तो हार तिने गाडीला न घालता थेट माझ्या हँडलला घातला. "गाडी काय, कुनीबी इकत घेतंय. ह्ये तू केलंस."

यावर काढून टाक म्हणणारा भाऊ मला दाखवा!

मी निघालो. थोडा वेग घेतला, काठाकडे बघून हात केला आणि ऐटीत हँडल ओढलं. गाडीचं तोंड झकास वर आलं. काठावर टाळ्या! मी हँडल सोडलं. ते सुटेना! हार सरकून गाडीच्या मुठीभोवतीही पडला होता आणि त्याने हँडल आणि मूठ यांची करकचून मोट बांधली होती. तोंड वरच्या वर! गाडी उसळायला लागली. उडी, आपट, उडी, आपट! वेग कमी करावा तर फवाऱ्याच्या जोराशिवाय ही गाडी वळतच नाही, आणि समोर पोहणाऱ्या लोकांचा घोळका. वेग वाढवला, वळलो, तर दुप्पट उसळी!

"बाळ्याऽऽ! वा रं वा!" काठावरून अक्काचा आवाज आला. "बघ गं अनुजा, वरातीतल्या घोड्यावानी नाचिवतोय!"

"अक्का, तो नाचवत नाहीये, त्याला नाचवलं जातंय!"

"डॅड, दिस इज सो एम्बॅरसिंग!" असं ओरडत ईरा व्हिडिओ काढत होती.

अक्काचा उत्साह पाहून सगळं मंडळ ताल धरून टाळ्या वाजवायला लागलं. "वन्स मोअर!" कोणीतरी ओरडलं. वन्स मोअर काय, मला एकदासुद्धा नको होतं! शेवटी एका उसळीला गाडी तिकडे गेली आणि मी इकडे. मनगटाला बांधलेली सुरक्षेची दोरी गाडीतून निघाली आणि इंजिन बंद पडलं. मी लाइफ जॅकेटमध्ये उताणा तरंगत राहिलो, छातीवर झेंडूच्या पाकळ्या घेऊन. तळ्यावरचा गस्तीचा माणूस बोट घेऊन आला. त्याने आधी माझ्याकडे पाहिलं, मग फुलांकडे, आणि टोपी काढून हळू आवाजात म्हणाला, "सर, आर यू ओके?"

काठावर आलो तेव्हा मला वर बघवत नव्हतं. अक्काने टॉवेलने माझं डोकं पुसलं. "हँडल मोडलं का रं?"

"नाही गं."

"मग झालं की! कसं बनीवलंस ते मला लिहून पाठव. स्टँडवर वाचून दावते."

ती गावी पोचल्यावर मी हे पत्र पाठवलं:

"ती. अक्कास, सा. न.

तुझा भाऊ इंजिनिअर आहे. त्याने स्वतःच्या हाताने एक हँडल बनवलं. ते ओढलं की पाण्यावरच्या गाडीचं तोंड वर येतं आणि सोडलं की खाली जातं. तो शिकला नसता तर हे त्याला जमलं नसतं, आणि तो शिकला तुझ्यामुळे.

इथपर्यंत मोठ्याने वाच. पुढचं मनात.

काल गाडी परत तळ्यावर नेली. या वेळी हार नव्हता, मंडळ नव्हतं, बघायला कोणीच नव्हतं. हँडल ओढलं, तोंड वर आलं. सोडलं, खाली गेलं. अक्का, अगदी जसं बनवलं तसंच चाललं! मला इतका आनंद झाला की मी दोन्ही हात सोडून टाळ्या वाजवल्या.

पाणी अजून तितकंच गार आहे.

तुझा,
बाळू"