गणपतीतलं गस्तीचं जहाज

आमच्या कॉलनीच्या गणपतीत माझं जहाज उलटलं, त्याला आता काही वर्षं झाली. तरी वर्ध्याजवळच्या पिपरीला घरी गेले की कोणीतरी विषय काढतंच. "जहाजवाली आली वाटते." मग हसतात. पूर्वी मीही ओठ ताणून हसायचे. आता हसत नाही.

जहाज का उलटलं हे तिथे कोणालाच कळलं नसतं, तर माझा राग कधीच निवला असता. ज्यांना कळत नाही त्यांच्यावर किती दिवस रागावणार? पण एका माणसाला कळलं होतं. ते माझे बाबा.

मी वर्ध्याच्या एका कॉन्व्हेंटमध्ये शिकले. वर्गात माझा आवाज फार कोणी ऐकला नसेल. मधल्या सुट्टीत मी लायब्ररीत बसायचे, कारण तिथे बोलावं लागत नसे. तिथल्या एका कपाटात कोणीतरी देऊन टाकलेली जुनी इंग्रजी मासिकं होती, सगळी जहाजांची. त्यांना माझ्याशिवाय कोणी हात लावत नव्हतं. मी तोवर समुद्र पाहिला नव्हता. पाहिलेलं सगळ्यात मोठं पाणी म्हणजे बोर धरण, तेही सहलीत, काठावरून.

त्या मासिकांतल्या मोठमोठ्या युद्धनौका बघून मी पान उलटायचे. मला आवडायची ती गस्तीची हलकी फ्रिगेट. फ्रिगेट म्हणजे मध्यम आकाराची युद्धनौका, आणि त्यातला हा हलका, कमी खर्चाचा प्रकार. किनाऱ्यापासून दोनशे मैलांपर्यंतच्या समुद्रावर देशाचा हक्क, असं त्या मासिकांच्या काळात नुकतंच ठरलं होतं. पण हक्क सांगायचा तर तिथे कोणीतरी हजर असावं लागतं. परक्या मासेमारी बोटी हटकायच्या, चोरटा माल अडवायचा, बुडणाऱ्यांना बाहेर काढायचं, आणि नुसतं दिसत राहायचं. हे या जहाजाचं काम. म्हणून त्याचं अंग लांब आणि अरुंद, इंजिनं कमी तेलात लांब पल्ला गाठणारी, पुढे एकच तोफ, मागे हेलिकॉप्टर उतरेल एवढा मोकळा डेक, आणि दूरवर नजर टाकता यावी अशी कॅप्टनची खोली. लढाईचा दिवस एखादा. हे जहाज बाकीच्या सगळ्या दिवसांसाठी बांधलेलं असतं.

मासिकांत एक गोष्ट वारंवार लिहिलेली असे. हलक्या जहाजावर वर काही चढवताना शंभरदा विचार करा. जहाज लाटेने कलतं आणि पुन्हा सरळ होतं, ते खालच्या वजनाच्या जोरावर. वर ओझं वाढवलं की ते सरळ होण्याची ताकद गमावतं. हे वाचताना मला पुढे काय करायचं ते ठरून गेलं. जहाजबांधणीची पदवी दक्षिणेत, समुद्राकाठच्या एका विद्यापीठात मिळत होती. बारावीनंतर मला तिथे जायचं होतं.

हे मी फक्त बाबांना सांगितलं. बाबा कालव्याच्या कामावर ओव्हरसियर होते. ते ऐकून घेत, पण घरातला शेवटचा शब्द त्यांचा नव्हता. तो काकाजींचा, म्हणजे त्यांच्या मोठ्या भावाचा होता. काकाजी कॉलनीच्या गणेश मंडळाचे अध्यक्षही होते, आणि त्या वर्षी त्यांना हलता देखावा हवा होता. शेजारच्या मंडळाने आदल्या वर्षी मान डोलावणारा हत्ती केला होता, ते त्यांच्या मनाला लागलं होतं.

"माई पोरगी जहाज बनवून देते," बाबा म्हणाले. "पाण्यात चालणारं."

घरी येताना ते मला म्हणाले, "दहा दिवस जहाज बराबर चाललं ना, तं मी दादापाशी तुया शिक्षणाची गोष्ट काढतो. लोकायनं नाव घेतलं का तो नाई म्हणणार नाई."

म्हणजे माझं जाणं त्या जहाजावर ठरणार होतं. मी ते आनंदाने मान्य केलं.

एका अर्धवट बांधलेल्या घरापुढे सिमेंटचं टाकं होतं, विटा भिजवायचं. तोच आमचा समुद्र. तेलाचे डबे कापून, कथलाचे डाग देऊन जोडून, खाटेएवढं लांब जहाज तयार झालं. तळाशी मी लोखंडी पट्ट्या बसवल्या. पुढे एक तोफ, मधे कॅप्टनची उंच खोली, मागे मोकळा डेक. टाक्यात सोडून मी ते हाताने पार काठापर्यंत झुकवायचे. हात काढला की ते डुलत सरळ व्हायचं. बाबांनीही दोन-तीनदा झुकवून पाहिलं. "वा," ते म्हणाले. तो "वा" मला अजून ऐकू येतो, आणि आता त्याचाही राग येतो.

स्थापनेच्या आदल्या दिवशी काकाजी पाहायला आले. टाक्याभोवती एक चक्कर मारली.

"एकच तोफ? एवढ्याशा तोफेले कोण भेते वं?"

"काकाजी, हे गस्तीचं जहाज आहे," मी म्हणाले. नेहमीसारखं हळूच.

"काय म्हणते थे?" त्यांनी बाबांना विचारलं. मी समोर उभी होते.

"गस्तीचं म्हणते, दादा."

"आपल्याले का गुरखा उभा करायचा आहे? लढाई दिसली पाह्यजे, लढाई!"

संध्याकाळपर्यंत डेकवर लोखंडी नळ्यांच्या चार तोफा लागल्या. हेलिकॉप्टरच्या जागेवर झेंडा आला. जहाज पाण्यात खाली बसलं, पण उभं राहिलं. तेवढं ते सोसणार होतं. पण मग त्यांनी पूजेची मूर्ती मागवली. मातीची, हातभर उंच, उचलायला दोन हात लागावेत अशी. तिचं आसन म्हणून कॅप्टनच्या खोलीच्या छतावर फळी ठोकायला घेतली.

मी बाबांच्या कानाशी जाऊन सांगितलं, तिथे नको. जहाजाच्या पोटात जागा आहे, डेक मधोमध उघडा ठेवू, मूर्ती तळाशी बसवू. सगळ्यांना दिसेल, आणि जहाजही स्थिर राहील. बाबांनी ते काकाजींना सांगितलं.

काकाजी मोठ्याने हसले. "म्हणजे कॅप्टन वर अन् बाप्पा त्याच्या पायाखाली? कॉन्व्हेंटमंदी हेच शिकवते का?"

सगळे हसले. कोणीतरी म्हणालं, "बाप्पाले इंजिनात कोळसा टाकाले बसवते का वं पोट्टी?"

देव सगळ्यात उंचावर. यात चर्चा नव्हतीच. मी बाबांकडे पाहिलं. बाबा फळीचा खिळा हातात घेऊन उभे होते. त्यांनी तो काकाजींना दिला.

पहिल्या दिवशी माणसांनी जहाज दोरीने हळूहळू ओढलं आणि ते कसंबसं तरलं. दुसऱ्या दिवशी आरतीला गर्दी झाली. काकाजींनी दोरी स्वतः हातात घेतली आणि जोरात ओढली. जहाज वळलं, एका बाजूला कललं, आणि तसंच राहिलं. मला माहीत होतं की आता ते परत येणार नाही. क्षणभर ते तसं आडवं थांबलं, मग तळ वर करून उलटलं. मूर्ती आधी पाण्यात गेली. काढली तेव्हा सोंड विरघळली होती.

टाळ्या थांबल्या. बायकांनी "अरे देवा" म्हणून तोंडावर पदर धरले. आणि मग काकाजींच्या बायकोने, माझ्या काकूने, आरतीचं ताट हातात धरून, माझ्या आईला विचारलं. हळू नाही, सगळ्यांना ऐकू जाईल असं.

"पोट्टी बाजूची तं नोयती ना?"

कोणाला समजलं नसेल तर सांगते. मासिक पाळी चालू असताना माझा मूर्तीला हात लागला का, असं तिने विचारलं होतं. कॉलनीतले सगळे पुरुष तिथे होते. माझ्याबरोबर शाळेत रिक्षाने येणारी मुलं होती.

"नाई वो," आई घाईने म्हणाली. "चार दिस झाले न्हाऊन."

आईला ते माहीत नव्हतं. मी दहावीपासून घरात ते सांगणं बंद केलं होतं. तिने मला वाचवायला म्हणून सांगून टाकलं, हे मला कळतं. पण तिने काकूला, असं काऊन विचारते, असं म्हटलं नाही. माझ्या अंगाचा हिशेब तिने भर आरतीत देऊन टाकला. आणि बाबा? बाबा टाक्यात वाकून तोफा गोळा करत होते.

घरी आल्यावर काकाजी ओसरीवर म्हणाले, "टाक्यातलं सांभाळता येत नाई, अन् समुद्रावर पाठवा म्हणते?" म्हणजे बाबांनी गोष्ट आधीच काढली होती आणि तिचा निकालही लागला होता.

सकाळी मी टाक्यावर गेले. जहाज बाहेर काढून ठेवलेलं होतं. ते पाण्यात सोडलं आणि मूर्तीएवढ्या वजनाच्या विटा घेतल्या. छतावरच्या फळीवर ठेवल्या, बोटाने ढकललं. उलटलं. डेकचा मधला पत्रा काढून विटा तळाशी ठेवल्या, हाताने काठापर्यंत झुकवलं. सरळ झालं. मागे कोणीतरी उभं आहे हे मला कळलं. वळून न पाहता मी विटा पुन्हा वर ठेवल्या, पुन्हा उलटवलं.

"राहू दे," बाबा म्हणाले. "मले माहीत होतं."

"कधी?"

"फळी ठोकली तेव्हाच."

"मग बोलले काऊन नाई?"

"दादा होता. देवाचं काम होतं."

"काकूनं विचारलं तेव्हा?"

बाबा पायजम्याला लागलेलं सिमेंट झटकत राहिले. त्याआधी मी बाबांसमोर आवाज चढवला नव्हता. त्या सकाळी चढवला. मी म्हणाले, "आज आरतीले सांगा. तुम्ही नाई सांगितलं तं मी दाखवीन सगळ्यायले."

संध्याकाळी टाक्याशेजारी पाटावर बसवलेल्या नव्या मूर्तीची आरती संपली. बाबा प्रसाद वाटण्यात गुंतले होते. मी थोडा वेळ थांबले. मग टाक्याशी जाऊन विटा उचलल्या. पहिली वीट हातातून निसटून डेकवर आपटली, त्या आवाजाने लोक वळले. विटा वर, जहाज उलटलं. विटा तळाशी, जहाज उभं. लोक पुढे सरकले. एक-दोघांनी "अरे हो" म्हटलेलं मला ऐकू आलं.

काकाजींनी शांतपणे पाहिलं आणि म्हणाले, "विटेचं काय सांगते वं? देव का वीट आहे?"

हशा पिकला. मी ओल्या हातांनी तशीच उभी राहिले. तेवढ्यात प्रसादाची परात खाली ठेवल्याचा आवाज आला.

"दादा," बाबा म्हणाले, "वजन म्हणजे वजनच. फळी मी ठोकू द्याले नोयती पाह्यजे. पोरीचं चुकलं नाई."

बस, एवढंच. काकाजी बाबांकडे वळले. मग म्हणाले, "तुले एवढं समजते तं तूच पाठव तिले. मले विचारू नको आता." आणि ते चप्पल शोधायला लागले.

बाबांनी मला पाठवलं. लोक म्हणतात, बाप असावा तर असा. असेल. पण ते एक वाक्य त्यांच्याजवळ आदल्या दिवशीही होतं, फळी ठोकली त्या दिवशीही होतं. ते तेव्हाच बोलले असते तर काकूला तो प्रश्न विचारायची गरजच पडली नसती. ते बोलले ही गोष्ट मी विसरत नाही, आणि उशिरा बोलले हेही विसरत नाही.

पुढच्या वर्षी, दक्षिणेकडे जाणारी गाडी यायची होती तेव्हा, बाबा वर्धा स्टेशनवर पाण्याची बाटली भरायला गेले. आईने माझ्या पिशवीत चिवड्याचा डबा कोंबला, इकडे-तिकडे पाहिलं आणि अगदी हळू विचारलं, "खरं सांग. त्या दिवशी तू बाजूची होती का वं?"

वर्ष होत आलं होतं. तिने विटा पाहिल्या होत्या, जहाज उलटताना आणि उभं राहताना पाहिलं होतं. तरी हा प्रश्न ती वर्षभर मनात धरून होती.

मी डबा नीट ठेवला, पिशवीची चेन ओढली आणि गाडी कुठवर आली ते पाहायला वाकले. आईला मी आजवर उत्तर दिलेलं नाही. इथेही देणार नाही. त्या गोष्टीचा जहाजाशी काही संबंध नव्हता.