प्रसादाच्या पुडीतलं पत्रक

टोकियोच्या एदोगावा भागातल्या आमच्या मराठी मंडळाच्या गणपतीत मी शाळांमधल्या गोळीबाराविरुद्धची पत्रकं वाटत होते. एका काकांनी न वाचताच परत दिलं.

"अगं, जपानात बंदूक कुठंय? सणासुदीला हा कसला विषय!"

"काका, तुमची बदली अमेरिकेला झालीय ना? तुमची लेक आता तिथल्या शाळेत जाणार."

"तिथे शाळेच्या दारात बंदूकवाला पहारेकरी असतो. काळजी नाही."

पहिलीतली त्यांची लेक इथे पिवळी टोपी घालून एकटी चालत शाळेत जाते. ती शेजारीच उभी होती. तिनं जपानीत विचारलं, "शाळेच्या दारात बंदूक कशाला?" काका नुसते हसले आणि आरतीला उभे राहिले. माझं डोकंच फिरलं. मोठी माणसं हसून विषय संपवतात, आणि तिथली मुलं गोळीबाराच्या सरावात बाकाखाली लपायला शिकतात.

कार्यकर्त्यांनी मला पत्रकं आत ठेवायला सांगितली. ठेवली की! प्रसादाच्या प्रत्येक पुडीत एकेक. प्रसाद न उघडता कुणी टाकत नाही.

संध्याकाळी काकूंचा फोन आला. "हे चिडलेत तुझ्यावर. चिडू देत. त्या शाळेला काय काय विचारायचं, ते मला सांग."