एका ताटातली भाकर

परवा लेकीनं दिग्रसहून कुत्र्याचं पिल्लू आणलं. आमच्या म्हाताऱ्या कुत्रीची वाटी तिनं अंगणाच्या एका टोकाला ठेवली आणि पिल्लाची दुसऱ्या टोकाला. "बाबा, मधात जाऊ नका. पहिले तिले निवांत खाऊ द्या," ती म्हणाली. दुधात कुस्करलेल्या ज्वारीच्या भाकरीचा वास आला आणि मला आमचा जुना कुत्रा वाघ्या आठवला.

मी तेव्हा बाविसेक वर्षांचा असेन. लहानपणी आम्ही भाऊ भांडलो की आई आम्हाला एकाच ताटात जेवायला बसवायची, आणि चार घासांत राग उतरायचा. वाघ्या असताना घरी नवं पिल्लू आणलं, तेव्हा मी तीच युक्ती कुत्र्यांवर केली. जर्मनच्या, म्हणजे ॲल्युमिनियमच्या, ताटात दूध-भाकर कालवली आणि पिल्लू नेऊन वाघ्याच्या तोंडापाशी सोडलं. वाघ्या खायचा थांबला आणि घशातल्या घशात गुरगुरला.

"खाय ना बे, भाऊच हाये तुया!" मी पिल्लू आणखी पुढं ढकललं.

वाघ्यानं त्याचा कान चावून रक्तबंबाळ केला. मी बैल हाकायची काठी, तुतारी, उचलली आणि तो केकाटायचा थांबेपर्यंत त्याला मारलं.

त्यानंतर पिल्लाचं खाऊन होईपर्यंत वाघ्या ताटाकडे फिरकत नसे. "पाहा, कसा सुधरला," असं मी साऱ्यांना कौतुकानं सांगायचो. त्यानं चावण्याआधी गुरगुरून मला बजावलं होतं, हे मला लेकीच्या त्या दोन वाट्या पाहून कळलं.

मरेपर्यंत तो माझ्याच हातून भाकर खायचा. फक्त खाण्याआधी माझा दुसरा हात पाहून घ्यायचा.